मनोहररावांचे दोन परवलीचे शब्द

मनोहररावांचा फायदा मोजायचा, तर महिन्याला एक मिनिट. त्याहून जास्त नाही.

मित्रांनो, रामदासपेठेतल्या एका कापड कारखान्याच्या ऑफिसातला मी जुना कॉम्प्युटर. १९८६ साली मला हार घालून टेबलावर बसवलं. लोक चपला बाहेर काढून माझ्या दर्शनाला येत. मोठ्या साहेबांच्या खोलीत पंखा होता आणि मला एसी!

मला चालू करायला एक परवलीचा शब्द लागे, मुंबईच्या हेड ऑफिसातून फोनच्या तारेनं माझ्यात येणारं टपाल उघडायला दुसरा. घोळ नको म्हणून नियम होता की, दर एक तारखेला दोन्ही बदलायचे आणि दोन्हीकडे एकच शब्द ठेवायचा. हेडक्लार्क मनोहरराव पहिला बदलत, जुनी चिठ्ठी शिस्तीत फाडत आणि नवी टायपिस्ट शामलाताईंना देत. टपालाचा शब्द मात्र मिनिटभर वाचवायला त्यांनी मार्चपासून तोच ठेवला. "त्यात येते काय?" असं ते म्हणत. खरंच, मार्चनंतर काही आलंही नव्हतं.

जूनमध्ये मनोहरराव पेरणीसाठी उमरेडकडच्या गावी गेले. इकडे शिपाई धोंडबाची रायपूरला बदली निघाली होती. बायको पंचफुला इथे दवाखान्यात, म्हणून बदली थांबवण्यासाठी त्यानं अर्ज केला होता. सोमवारी मी शामलाताईंना दाखवलं, मुंबईहून धोंडबाच्या बदलीबद्दल एक पत्र आहे. पण चिठ्ठीतला शब्द टपालाला चालेना.

पाणी द्यायच्या निमित्तानं धोंडबा तासातासाला यायचा. "ताई, माह्यासाठी काही आलं का?"

"आलं आहे काका, पण उघडून नाही राहिलं."

मुंबईचा ट्रंक कॉल लागला तो शनिवारी. पत्रात एवढंच होतं, डॉक्टरांचा दाखला शुक्रवारपर्यंत पाठवा. बदली पक्की झाली होती.

मनोहरराव परतले, पण मार्चचा शब्द त्यांनाही आठवेना. माझ्यासमोर ते मान खाली घालून बसले. धोंडबानं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "फाडण्यापरीस थे चिठ्ठी मले द्याची होती, साहेब. मले वाचता नाही येत, पण जपून ठेवता तं येते."

मित्रांनो, एकीकडचा शब्द बदलला, की दुसरीकडचाही बदला आणि एकदा उघडून बघा. त्या चुकीसाठी मनोहररावांना ठपक्याचं पत्र मिळालं. धोंडबाला रविवारची दुपार मिळाली, तेवढ्यासाठी तो रायपूरहून यायचा. बाकीचे सहा दिवस पंचफुलानं खाटेवर एकटीनं काढले. तिनं तर मला कधी पाहिलंही नव्हतं.