बर्नीनं आणलेली दोन पाकिटं

सेंट पॅट्रिकचा सण तोंडावर आला होता आणि जेरी क्रॉटीची बायको बर्नडेट, सगळ्यांची बर्नी, गेली. सणासाठी दुकानात कॉर्न्ड बीफ, म्हणजे ते मिठाच्या पाण्यात मुरवलेलं मांस, स्वस्त निघालं होतं. तिनं दोन पाकिटं आणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात टाकली होती. ती तशीच पडून राहिली. सण आला, साउथ बफेलोच्या आयरिश वस्तीत घरोघर कोबीबरोबर खारं मांस उकळलं, मिरवणूक निघाली, बँड वाजला. जेरी खिडकीपाशी बसून होता. त्याला दुःख होत होतं असंही म्हणता येणार नाही. त्याला काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा परका वाटतो, तसा तो सगळाच स्वतःला परका झाला होता.

एक पाकीट उकळायला आणि दुसरं जेरीसाठी, असा बर्नीचा हिशेब असायचा. जेरीनं जन्मभर आगीच्या बंबावर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर एका जुन्या पिंपाला जाळी बसवून अंगणात धुरीची भट्टी केली. बर्नी दर वर्षी म्हणायची, ‘लोकांच्या घरातला धूर विझवत फिरलास, आता एकदा माझ्यासाठी धूर कर. या मांसाला मसाला चोळून धुरी दिली की पास्ट्रामी होते म्हणतात, करून तर बघ.’ जेरी म्हणायचा, पुढच्या वर्षी. मग ते पाकीटही उकळलं जायचं. तसा तो आळशी नव्हता. बंबावरच्या मित्रांसाठी पहाटे उठून बरगड्यांना धुरी द्यायचा, चर्चच्या जत्रेला पन्नास कोंबड्या भाजायचा. नवऱ्यांची ही जातच असते. गावासाठी कंबर कसून उभे राहतील, आणि घरच्यांनी काही मागितलं की पुढचं वर्ष उगवतं.

महिना होत आला तेव्हा बर्नीची धाकटी बहीण नोरीन हिचा फोन आला. बर्नीसाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, शुक्रवारी संध्याकाळी ठरवली आहे, फादर वोझनियाक येणार आहेत, नंतर सगळी जेरीच्या घरी जमतील. जेवणाबद्दलही ती बरंच काही बोलली. जेरी हो हो करत राहिला. हल्ली त्याच्या कानावर शब्द पडायचे, पण आत जायचे नाहीत.

नोरीनचं त्याच्याबद्दल मत एकच होतं आणि ते तिनं दफनविधीच्या दिवशीच चार माणसांत बोलून दाखवलं होतं. दगडालाही पाझर फुटतो, पण हा कोरडा ठणठणीत. जेरीनं ते ऐकलं होतं. त्याला राग आला नाही. तिचं खरं असलं तर, एवढंच मनात आलं, आणि त्याची भीती वाटली. फोन ठेवल्यावर त्यानं फ्रीज उघडला आणि ठरवलं की मिस्सेला आलेल्या माणसांना दोन्ही पाकिटांची पास्ट्रामी करून वाढायची. तिनं मागितलेली एक तरी गोष्ट आपल्या हातून झाली पाहिजे. ती झाली नाही, तर आपण खरंच कोरडे.

दुकानातलं मांस आधीच खारट असतं. तसंच धुरीला लावलं तर तोंडात घालवत नाही. म्हणून बुधवारी त्यानं दोन्ही तुकडे पाण्यात घातले आणि दिवसभर पाणी बदलत राहिला. पाकिटातली मसाल्याची पुडी केराच्या डब्यात टाकली. मिरे आणि धणे भरडायचे होते, पण भरडायचं यंत्र बर्नीनं कुठे ठेवलंय ते सापडेना. शेवटी जड तव्याच्या बुडानं ओट्यावरच ठेचले. अर्धे जमिनीवर उडाले. ते त्यानं झाडलेही नाहीत, पायाखाली कुरकुरत राहिले.

गुरुवारी अंगणात अजून बर्फाचे मळकट ढीग होते. पिंपात मेपलच्या लाकडाच्या ढलप्या टाकून, मांसाला भरड चोळून, तो खुर्ची घेऊन बसला. उष्णतेचा काटा बघायचा, झाकण लावायचं, पुन्हा बसायचं. मांस वरून काळं पडलं, वास गल्लीभर गेला. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली की आता जरा माणसात आलास. जेरी हसला, कारण अशा वेळी हसायचं असतं हे त्याला आठवलं.

शुक्रवारी दुपारी त्यानं दोन्ही तुकडे झाकणाच्या पातेल्यात वाफेला लावले. मऊ झाल्यावर आच बंद केली आणि कोट घालून चर्चला गेला. चर्चमध्ये मूर्तींवर जांभळी कापडं होती. खालच्या हॉलमधून मासे तळल्याचा वास येत होता आणि वेदीपर्यंत माशांसाठी लागलेल्या रांगेचा गलका ऐकू येत होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी बफेलोत दुसरं असतं काय! जेरीनं ते कापड पाहिलं, तो वास घेतला आणि मनात आलं, पातेलं घट्ट झाकलंय ना? त्या घडीला त्याला यापलीकडे काही सुचलं नाही.

मिस्सेनंतर दहा-बारा माणसं घरी आली. नोरीननं हातातले कागदी झाकणाचे ट्रे ओट्यावर ठेवले, तेवढ्यात जेरीनं पातेलं उघडलं. वास असा सुटला की दारात कोट काढणारी माणसं तशीच स्वयंपाकघराकडे वळली. जेरी पातळ काप काढू लागला. कडेला काळं, आत गुलाबी, मऊ आणि तरी न तुटणारं. इतकं सुरेख जमेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. त्यानं राय ब्रेड मांडला, मोहरीची चटणी मांडली आणि थाळी पुढे केली. कुणाचाच हात पुढे आला नाही.

‘जेरी,’ नोरीन म्हणाली, ‘आज शुक्रवार आहे.’

‘हो. तूच तर ठरवलास.’

‘उपवासातला शुक्रवार, बाबा. मांस वाढतोयस तू. तेही बर्नीच्या मिस्सेला. मासे मी आणते म्हणून सांगितलं होतं ना फोनवर?’

जेरीनं ट्रेकडे पाहिलं. त्यात मासेच होते. लग्न झाल्यापासून उपवासातल्या शुक्रवारी त्यानं मांसाला तोंड लावलं नव्हतं. बंबावर सगळे सॉसेज हाणत असताना तो डब्यातली अंडी खायचा आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा.

फादर वोझनियाक घसा खाकरून म्हणाले की एवढी सूट देणं त्यांच्या अधिकारात बसतं आणि कारणही काही वावगं नाही. त्यांची नजर थाळीवरून हटत नव्हती, हेही सांगायला हवं.

‘सूट तुम्ही द्याल हो, फादर,’ नोरीन म्हणाली. ‘पण याच्या लक्षात कसं राहिलं नाही, ते विचारा की. महिन्याभरात सगळंच विसरला?’

‘माझ्या लक्षात कधीच नव्हतं,’ जेरी म्हणाला. ‘ती सांगायची. कॉफी ओतताना म्हणायची, आज शुक्रवार. डबाही तीच भरायची. मला वाटायचं, मी पाळतोय.’

त्यानं थाळी खाली ठेवली आणि पुन्हा सुरी उचलली.

‘मधले शुक्रवार मी काय खाल्लं असेन, देव जाणे. कुणी सांगितलंच नाही, नोरीन.’ त्याचा आवाज एकदम चढला. ‘दोन-दोन पाकिटं आणून ठेवायची आणि निघून जायचं? सांगायला नको? कोण सांगणार होतं मला?’

त्याला राग आला होता, आणि तो बर्नीचाच आला होता. इतका, की उरलेला तुकडा तो सुरीनं वेडावाकडा कापत सुटला. त्या रागामागून बाकीचं सगळं आलं. तो ओट्यावर वाकून, लहान पोरासारखा, आवाज करून रडला. माणसं खाली बघत उभी राहिली.

नोरीननं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. तिनं फादरकडे पाहिलं, त्यांनी होकाराची मान हलवली. मग तिनं, जिनं आयुष्यात कधी शुक्रवार मोडला नव्हता, एक काप उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावला.

‘तिला आवडली असती का?’ जेरीनं विचारलं.

‘आवडली असती,’ नोरीन म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. ‘खूप आवडली असती. आधी करायला हवी होतीस तू.’

‘हो,’ जेरी म्हणाला.