टाकीला कुलूप

"माहेरची पोती कुठं लपवलीस ते सांग आधी," किल्लीकाका सुनेवर खेकसले. मी कुंपणापलीकडे कॉफीची फळं तोडत होते, ती टोपली कमरेवर घेऊन तशीच उभी राहिले. शेजारी भांडण सुरू झालं की माझ्या हातांना आपोआप विसावा मिळतो.

"कुठली पोती, मामंजी?"

"वरच्या डोंगरातली. तुझ्या बापाच्या बागेतली. आपल्या कॉफीला असा वास जन्मात आला होता का? तूच दाणे मिसळलेस."

काकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, म्हणून सगळे त्यांना किल्लीकाका म्हणतात. त्यांच्याकडे पिठाच्या डब्यालाही कुलूप असतं. कोंबडीनं एखाद्या दिवशी अंडं दिलं नाही, तर आधी कुंपणावरून माझ्याकडे बघतात, मग कोंबडीकडे.

त्यांची बाग खालच्या उतारावर आहे. तिथं ऊन तापतं, फळ घाईघाईनं पिकतं. दरवर्षी काका हिरवं-लाल सगळं एकदम ओरबाडून सालासकट अंगणात वाळवायचे, आणि त्यांची कॉफी प्यायली की जिभेवर माती बसल्यासारखं वाटायचं. सून आली ती डोंगरातून. तिच्या माहेरी गारव्यात फळ सावकाश पिकतं. आल्या वर्षीच ती म्हणाली, नुसती लाल फळं तोडू, यंत्रात साल काढू, चिकट दाणे टाकीत भिजवू, चिकटपणा सुटला की धुऊन मग वाळवू. पहिली खेप तशी वाळली आणि अंगणात असा स्वच्छ वास सुटला की मी कुंपण ओलांडून हुंगायला गेले. दुसरा कुणी खूश झाला असता. काकांना मात्र कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं.

"व्यापाऱ्याचा चाखणारा येणार आहे," ते म्हणाले. "त्याला पटली तर टाकी तुझी. नाही पटली तर पुढल्या हंगामापासून सगळं फळ सालासकट उन्हात, आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

"चालेल," सून म्हणाली. तिचा नवरा तिथंच होता. बाप आणि बायकोच्या मध्ये न पडण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तो दोरी वळत बसला.

संध्याकाळी दुसरी खेप टाकीत पडली. काकांनी टाकीच्या खोलीला भलंमोठं कुलूप ठोकलं. वरून दाणे येऊन मिसळायला नकोत ना! आणि सकाळी उठून जुडग्यासकट बाजाराला चालते झाले.

नेमकी त्या दिवशी हवा फिरली. ढग दाटले, वारा पडला, अंगाला नुसता घाम. सून दाराशी घुटमळत होती.

"काकू, गारठा असला की चिकटपणा सुटायला वेळ लागतो. असल्या उकाड्यात भराभर सुटतो. दाणे हाताला खरखरीत लागले की लगेच धुवायला हवेत. आत्ता झाले असतील."

"मग कडी उचकट की! मी पहार आणते."

"उचकटली तर म्हणतील, मिसळायलाच उचकटली."

पोरगी पायरीवर बसली, दाराच्या फटीला नाक लावून. दुपारी फटीतून आंबूस वास यायला लागला. जेवायला हाक मारली तरी ती उठली नाही. मला काकांचा असा राग आला की दिवसभर मी त्यांना मनातल्या मनात झोडपत होते.

काका उन्हं कलल्यावर आले. आधी कुलपावर ओरखडा आहे का ते बघितलं. नव्हता. समाधानानं दार उघडलं आणि नाकाला धोतर लावून मागं सरले.

"काहीतरी टाकलंस आत!"

"कुलूप होतं, मामंजी."

"फटीतून टाकलं असशील."

सुनेनं पदर खोचला आणि दाणे धुवायला घेतले. पाण्यात हात घालताना ती रडत होती.

दोन्ही खेपा वाळल्यावर चाखणारा आला. सडसडीत, कमी बोलणारा. त्यानं कपांत दोन्हींची कॉफी केली. चमच्यानं जोरात भुरका मारायचा आणि तस्तात थुंकायचा.

"थुंकतोय! म्हणजे दोन्ही वाईट," काका कुंपणाशी येऊन माझ्या कानात म्हणाले.

"ही पहिली छान आहे," चाखणारा म्हणाला. "स्वच्छ, गोडसर."

"डोंगरातली मिसळलीय ना? खरं सांगा."

"छे हो. थंडीत पिकलेल्या कॉफीला आंबटसर धार असते. ही खालच्या उन्हातलीच. अंगानं भारदस्त आहे, नुसती मातकट चव गेलीय." मग त्यानं दुसरा कप उचलला आणि तोंड वाकडं केलं. "दाणे याच बागेतले. पण टाकीत फार वेळ राहिलेत, चव नासली. ही नको मला. टाकीवर कोण होतं?"

काका सुनेकडे बघत होते. ती आता काकांचंच नाव घेणार, याची त्यांना खात्री होती. ती कप विसळत राहिली.

"अर्धीच पटली," काका घाईनं म्हणाले. "म्हणजे टाकी काही—"

"काका," मी कुंपणावरूनच म्हटलं, "त्या दिवशी किल्ली कुणाकडं होती, तेवढं सांगा की त्यांना."

काकांचा हात कमरेकडे गेला.

"माझ्याकडं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या कुणावर ढकलता आलं नाही.

चाखणारा गेल्यावर त्यांनी जुडग्यातून टाकीची किल्ली सोडवली आणि सुनेपुढे धरली. तिनं घेतली नाही.

"मला कुलूप नकोच आहे, मामंजी. दाण्यांवर विश्वास न ठेवणारं माणूस हवंय. हवा बदलली की टाकीची वेळ बदलते. घडीघडी उठून हात घालून बघायला लागतं. माझ्यावर घेता तेवढा संशय त्यांच्यावर घ्याल का?"

तिची यात काय चाल असावी, याचाच काका विचार करत असणार.

पुढच्या खेपेला पहाटे मला त्यांच्याच ओरडण्यानं जाग आली. "सूनबाई, ऊठ! गार वारं सुटलंय म्हणून निजून राहू नको. मला या दाण्यांचा काडीचा भरवसा नाही."

मी बाहेर आले. टाकीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि काका कोपरापर्यंत टाकीत हात घालून बसले होते. सुनेनं मूठभर दाणे चोळून बघितले.

"झालेत, मामंजी. अगदी वेळेवर."

"मी म्हणालो नव्हतो?" काका फुशारले. मग टाकीत डोकावले, पुन्हा डोकावले, आणि त्यांची मान हळूहळू कुंपणाकडे वळली. "पण रात्रीपेक्षा दाणे कमी कसे दिसतात?"

सून खदाखदा हसायला लागली. मी माझी रिकामी टोपली उचलली आणि त्यांना नीट दिसेल अशी कुंपणावर पालथी घातली.