दौंडचं अर्धं तिकीट

शिरूर-दौंड गाडीची कंडक्टर मोनाली तोंडानं तिखट अन् हातानं त्याहून. डेपोत तिच्या वाटेला कुणी जात नसे. सकाळी स्टँडवर तिनं करुणाला दौंडचं अर्धं तिकीट फाडून दिलं, तेव्हा त्या पोरीनं कोर्टाचे कागद छातीशी धरले होते.

"अकराला कोर्टात साक्ष हाय, ताई. नवऱ्याच्या विरोधात. आज न्हाई पोचले तर केस गेलीच."

"पोचशील की! माझ्या गाडीत बसलीस न्हवं?" मोनाली म्हणाली.

न्हावऱ्याच्या थांब्यावर नवरा चढलाच. नवनाथ. कुणी चुगली केली देव जाणे! आल्या आल्या त्यानं करुणाची वेणी मनगटाला गुंडाळली अन् तिचं तोंड पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. एकदा, दोनदा. दात तुटून खाली पडला. कोर्टाच्या कागदांवर रक्त सांडलं.

गाडीत चाळीस माणसं. सगळी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसली, मेली! एक आप्पा तेवढे पुटपुटले, "नवरा-बायकोचं भांडण. आपुन मधी कशाला पडायचं?"

"उतर खाली!" नवनाथ तिला वेणीनं ओढत दाराकडं निघाला. "तिकीट अर्धं काय झालं, बाया माजल्या!"

मोनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दार अडवून उभी राहिली. "तिकीट अर्धं असलं तरी सीट पुरी हाय, मुडद्या! सोड तिला!"

त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. मोनाली बाजूला कोलमडली, तो करुणाला ओढत पायरीवर उतरला. पण उठली ती तिकिटाचं मशीन मुठीत धरूनच. पहिला घाव कानशिलावर, दुसरा नाकावर. हाड कडकन मोडलं. नवनाथ पायरीवरून मागं कलंडला, वेणी सुटली, पण करुणाचा पदर त्यानं पकडला. तीही फरफटत दारापर्यंत गेली.

मग मात्र करुणा त्याच्या मनगटाला चावली. उरल्या दातांनी, मांसात रुतेपर्यंत. तो गुरासारखा ओरडला अन् धाडकन रस्त्यावर पडला.

मोनालीनं दार आपटलं. "गेणबाकाका, सोडा गाडी!"

ड्रायव्हरनं गाडी अशी काढली की उभी माणसं बसली. आता आप्पांना कळवळा आला. पाण्याची बाटली पुढं करत ते म्हणाले, "पोरी, तोंड तरी धुऊन घे."

करुणानं बाटली बाजूला सारली.

"न्हाई धुवायचं, आप्पा. ह्याच तोंडानं साक्ष देणार हाय."