चौकातला कॅमेरा

दुरुस्तीवालीनं संगणकाच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"तवा झालाय की हो, काका."

महिन्यातली तिची ही तिसरी खेप. पंखा बदलून झाला, मेमरी वाढवून झाली, तरी मशीन हट्टाला पेटलेलं. काका घरी बसून छापखान्याची प्रुफं तपासत. हल्ली एक अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत त्यांचा चष्मा पुसून व्हायचा.

"हातचं काम जाणार आता," ते म्हणाले. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

तिनं प्रोसेसरचा भार कोण खातंय ते पाहिलं. ब्राउझरच खात होता. त्यातही दोन टॅब भलतेच अधाशी, आणि दोन्हींत एकच पान: परमुलखातल्या कुठल्याशा चौकाचं थेट चित्रण, अखंड चालू.

"हे कोण बघतं?"

भिंतीवर उतरवलेल्या फोटोची फिकट चौकट होती. मागच्या खेपेला तिनं मुलाबाळांची सहज चौकशी केली, तेव्हा "आम्हाला कोणी नाही" म्हणून काकांनी विषय तोडला होता आणि काकू आत निघून गेल्या होत्या.

आज काकू दारातच उभ्या राहिल्या, हातात पाण्याचा पेला घेऊन.

"मी बघते," त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "पोरगी तिथं असते. सकाळी कामाला जाताना तो रस्ता ओलांडते. हे फिरायला गेले की बघते. काढून टाक, बाई."

"पण दोनदा उघडलंय, काकू."

"दोनदा कशाला उघडू? एकदाच उघडते. ह्यांना दिसू नये म्हणून खाली दडवून ठेवते."

काका चष्मा पुसू लागले. काच स्वच्छच होती.

दुरुस्तीवालीला आपण उगाच बोललो असं वाटलं. ती घाईनं म्हणाली, "एक बंद करते आणि दुसऱ्याचं चित्र हलकं करते. मशीन मोकळं होईल. फक्त माणसं धूसर दिसतील, चेहरा कळायचा नाही."

"चालेल," काका म्हणाले. "डावा पाय जरा ओढत चालते ती. कळतं."

काकूंनी पेला टेबलावर ठेवला. पंख्याची घरघर हळूहळू उतरत गेली. कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्या नवऱ्याशेजारी बसल्या.

काकांनी घड्याळ पाहिलं.

"तिला कामावरून परत यायला अजून दहा मिनिटं आहेत."