न्यायला कोण आलंय?

इथे जपानमध्ये, निशी-कसाईतल्या आमच्या मराठी आयांच्या ग्रुपवर एरवी हापूसच्या पेट्या आणि जुन्या सायकली यांपलीकडे काही घडत नाही. त्या आठवड्यात मात्र ग्रुप पेटला. सहावीच्या वर्गशिक्षिका कुमागाई सेन्सेई शनिवारच्या खुल्या तासाला, म्हणजे पालक मागे उभे राहून बघतात त्या तासाला, आदिवासी बायकांवर होणाऱ्या हिंसेबद्दल शिकवणार होत्या. जपानमधल्या ऐनू बायका आणि इतर देशांतल्याही.

"अगं, एवढीएवढी मुलं आहेत ती!" ज्योत्स्नाने लिहिलं. "माझा निहार अजून लाइट लावून झोपतो. कुणीतरी सेन्सेईंशी बोला." आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं, की सुप्रभाने, म्हणजे मी, पीएचडी इथेच केली, तिचं जपानी फर्स्ट क्लास आहे. काम माझ्या गळ्यात पडलं.

मी तापट आहे. एरवी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. या वेळी मुकाट्याने हो म्हटलं, कारण तो तास होऊ नये असं त्या सगळ्यांपेक्षा मलाच जास्त वाटत होतं.

मी वारली आहे, जव्हारकडची. इथे कुणी 'मूळच्या कुठच्या?' विचारलं, की 'नाशिकच्या बाजूच्या' म्हणून मी विषय बदलते. प्रसन्नला, माझ्या नवऱ्याला, सगळं ठाऊक आहे. पण त्याच वर्गात शिकणाऱ्या आमच्या अक्षयाला आपल्याला एक मावशी होती हेसुद्धा माहीत नव्हतं. माझी मोठी बहीण लता मुकादमाच्या ट्रकमधून वीटभट्टीवर कामाला गेली. पावसाच्या तोंडावर सगळी माणसं परत आली, ती आली नाही. वडील चौकीवर गेले, तर साहेब म्हणाले, "गेली असेल कुणाचा तरी हात धरून. तुमच्यात चालतंच ना हे?" तक्रार लिहून घेतलीच नाही. भट्टीवरच्या बायकांनी मुकादमाबद्दल आईला जे सांगितलं, ते मी दाराआडून ऐकलं. ते मी माझ्या मुलीला कुठल्या तोंडाने सांगणार होते? म्हणून मी मावशीच पुसून टाकली होती.

तक्रार करायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून ज्योत्स्नाने सेन्सेईंसाठी भेट पाठवली: वारली चित्रांचे कोस्टर. चहाचा कप ठेवायला. "किती गोड आहेत ना? आपली संस्कृती!" हसावं की तो खोका तिच्याच डोक्यात घालावा, मला कळेना.

कुमागाई सेन्सेई निवृत्तीला आलेल्या, बुटक्या, गळ्यात कायम शिट्टी. रिकाम्या वर्गात त्यांनी मला मुलांच्या लहान खुर्चीवर बसवलं आणि माझं बोलणं एकदाही न तोडता ऐकून घेतलं. मुलं लहान आहेत, घाबरतील, वगैरे.

"त्या बायकांवर काय काय झालं, याचं वर्णन मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी शोधलं नाही, एवढंच शिकवणार आहे. तेवढं या वयात कळतं." मग म्हणाल्या, "मी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची, ऐनूंच्या मुलखातली. मला हे शाळेत कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं, तर माझ्या वर्गात एक ऐनू मुलगी होती, तिच्याशी मी बरी वागले असते."

मी घाईघाईने खोका पुढे केला. सरकारी शाळेच्या शिक्षकांना भेटवस्तू घेता येत नाही, हे आम्हा हुशार बायकांपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. तरी त्यांनी एक कोस्टर हातात घेऊन निरखला.

"हे कोण काढतं?"

"बायका. लग्नात, भिंतीवर, तांदळाच्या पिठाने."

"तुमच्याकडेही?"

"माझी बहीण काढायची." तोंडातून निघूनच गेलं.

"आता नाही काढत?"

आणि मी, जिला बोलण्यात आजवर कुणी हरवलेलं नाही, खोक्यातले उरलेले कोस्टर मोजू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कोस्टर खोक्यात जपून ठेवला आणि खोका दोन्ही हातांनी परत दिला. "शनिवारी दाराजवळ उभ्या राहा," त्या म्हणाल्या. "वाटलं तर बाहेर जाता येईल."

शनिवारी मी दाराजवळ उभी राहिले. शेजारी ज्योत्स्ना, सेन्सेईंना पटवता आलं नाही म्हणून माझ्यावर फुगलेली.

त्या दिवशी तासानंतर ताबा देण्याचा सराव होता. भूकंप झाला तर मुलांना घरच्यांच्या हवाली कसं करायचं, याची दरवर्षी तालीम होते. सेन्सेईंनी तिथूनच सुरुवात केली.

"सगळ्यांना न्यायला कुणीतरी आलं आणि एकच मूल उरलं, तर मी काय करीन?"

"थांबाल!" मुलं ओरडली.

"किती वेळ?"

"कुणी येईपर्यंत."

माझ्या डोळ्यांपुढे २०११च्या मार्चमधला भूकंपाचा आणि त्सुनामीचा दिवस आला. गाड्या बंद पडल्या होत्या. मी लॅबपासून पाळणाघरापर्यंत चालत गेले, पोचेपर्यंत अंधार झाला होता. अक्षया एकटीच उरली होती, आणि एक कोवळी शिक्षिका तिला मांडीवर घेऊन गाणं म्हणत बसली होती. त्या पोरीचे आईवडील उत्तरेला किनाऱ्यावर राहायचे, त्यांचा फोन लागत नव्हता. आणि ती माझीच माफी मागत होती, की अक्षया नीट जेवली नाही! त्या मुलीचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

"पूर्वी होक्काइदोत मासेमारीच्या ठाण्यांवर ऐनू बायकांना जबरदस्तीने ठेवून घेत," सेन्सेई सांगत होत्या. "आजही काही देशांत आदिवासी बायकांना कामावर छळतात, काहीजणी घरी परतत नाहीत. घरचे विचारायला जातात, तर त्यांना सांगतात, गेली असेल आपल्या मर्जीने. म्हणजे एक मूल वर्गात बसून आहे आणि शाळा कुलूप लावून घरी गेली."

मग निहारने, लाइट लावून झोपणाऱ्या निहारनेच, विचारलं, "मग त्यांची नावं कुणाला माहीत असतात?"

"घरच्यांना," सेन्सेई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बाहेर पळाले असते. पाहिलं नाही, म्हणूनच मी हात वर केला.

"माझ्या मोठ्या बहिणीचं नाव लता," मी जपानीत म्हणाले. "आम्ही वारली, भारतातले आदिवासी. ती भिंतीवर फार सुंदर चित्रं काढायची. कामाला गेली, तिथल्या माणसाने तिला छळलं. ती परत आली नाही. तिला कुणी शोधलं नाही."

माझ्या हातात दाराबाहेर काढलेल्या चपलांची पिशवी होती. ज्योत्स्नाने ती काढून घेतली आणि माझा हात धरून ठेवला. ज्योत्स्ना! तिच्याबद्दल मनात जे जे बोलले होते, ते सगळं मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

अक्षयाने एकदा वळून पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढे काय शिकवलं, मला आठवत नाही.

सरावासाठी मुलं मैदानात ओळीने बसली होती, भूकंपात डोकं वाचावं म्हणून डोक्यावर कापसाच्या जाड टोप्या. आम्ही पालक रांगेत. एवढी वर्षं मावशी लपवली, तीही आईने. रागावली असेल तर? भर वर्गात, सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून लाजली असेल तर? माझा नंबर आला. सेन्सेईंनी अक्षयाला उभं केलं आणि सगळ्यांना विचारत होत्या तेच विचारलं.

"न्यायला कोण आलंय?"

बाकीची मुलं 'आई' किंवा 'बाबा' म्हणून निघून गेली होती. अक्षयाचे डोळे टोपीखाली लाल दिसत होते.

"आई," ती म्हणाली. आणि मग, मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "लता मावशीची धाकटी बहीण." सगळं जपानीत, फक्त 'मावशी' मराठीत.

"ओळख पटली," सेन्सेई म्हणाल्या आणि यादीवर खूण केली.

मी आभार मानायला वाकले, ती मला मान वर करताच येईना. शेवटी अक्षयानेच हात ओढला.

"आई, चल ना. मागे रांग आहे."