पहिल्या कडव्यानंतर

बालमित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. किती जुना ते विचारू नका, वय विचारलं की माझं डोकं फिरतं. आज मी दिवाणखान्यातल्या फळीवर बसलोय, दर आठवड्याला कोणीतरी माझ्यावरची धूळ पुसतं आणि पाहुणे म्हणतात, "वा, काय जपलाय हो!" तेव्हा माझी दुर्दशा ऐकायला मिळेल या आशेनं आला असाल तर तुमची निराशा होणार. माझी कोणीही आबाळ केली नाही. आबाळ दुसऱ्याची झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका ओळीनं बसायच्या. एकीनं माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीनं बटणं बसवली, आणि शेवटच्या बाईनं एक कॅसेट घालून मला दोन मिनिटं वाजवून पाहिलं. कॅसेटवर फार करुण गाणं होतं. पण ते ऐकून ऐकून ती बाई इतकी विटली होती की तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं जांभई दिली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. मला तेव्हाच राग आला. म्हटलं, थांब, एक दिवस रडवून दाखवतो.

मला विकत घेतलं भिंगकाकांनी. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. काचा घासून घासून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. खरं तर ते तेव्हा तिशीही न ओलांडलेले होते, पण गल्लीत नाव पडलं ते पडलं. दुकानात मी फ्रेमांच्या कपाटावर बसून गायचो. एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई डोळे तपासायला आल्या आणि माझं गाणं ऐकून अशा रडल्या की तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवावी लागली. गाण्यात एक बहीण गाडीची वाट बघत उभी होती. बाई म्हणाल्या, "माझी बहीण अशीच गेली हो, आणि मी तिच्याशी भांडून घरी बसले होते." एक निवृत्त मास्तर तर रोज सकाळी एकच गाणं ऐकायला यायचे, डोळे पुसायचे आणि निघून जायचे. लोकांना रडवण्यात माझा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं. मी नुसता फुगून गेलो होतो. रडू ते आपापल्या घरून घेऊन यायचे, मी फक्त निमित्त होतो, हे कळण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती.

मग एका दुपारी काकांनी मला घरी नेलं. त्यांच्या बायकोचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बरं-वाईट दोन्ही सांगून ठेवलं होतं. त्यांचा मुलगा दीड वर्षाचा होता, गुबगुबीत, म्हणून त्याला ढब्बू म्हणायचे. काकांची बहीण त्याला मांडीवर घेऊन बसली होती. काकांनी नवी कोरी कॅसेट घातली आणि आवाज भरून घ्यायची दोन बटणं एकदम दाबली. बायको माझ्यासमोर बसून अंगाईगीत गायला लागली. ते तिच्या आईनं रचलेलं होतं, घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

ऊन गेलं भिंतीवरून, सावली गेली घरी,
आता माझ्या बाळाच्याही झोप पापणीवरी.

सुरात होती असं मी म्हणणार नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि ढब्बू मांडीवरून निसटून माझ्या बटणांशी आला. ती गायची थांबली आणि बोलू लागली. ते सगळं मी टिपलं.

"ढब्बू, सोड ते. सोड म्हणते ना. बघू हात. शी, किती चिकट! काय खाल्लंस रे? हे बघ, मी परत आले तर तुला रोज गाऊन दाखवीन. नाही आले, तर हे ऐक. मोठा झालास की मला हसशील, म्हणशील आई किती बेसूर गायची. हस, खुशाल हस. पण ऐक मात्र." मग जरा थांबून म्हणाली, "अहो, हे चालूच आहे का अजून?"

काकांनी बटण दाबलं. ती परत आली नाही.

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते तोडले की त्या कॅसेटवर नवं काही भरता येत नाही, जुनं सुरक्षित राहतं. काकांनी चष्म्याच्या बारीक पेचकसानं ते दोन्ही तुकडे तोडले.

आता खरी गोष्ट ऐका. ती कॅसेट ढब्बूला ऐकवायची, एवढं एकच काम काकांच्या आयुष्यात उरलं होतं, आणि तेवढं एकच त्यांना जमलं नाही. ढब्बू दहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला समोर बसवलं आणि मला चालू केलं. पहिल्या कडव्यालाच काकांना हुंदका फुटला. बाप रडतोय हे बघून पोरगं घाबरलं आणि खेळायला पळालं. त्याच्या लग्नाच्या आठवड्यात पुन्हा तेच. काकांनी मनाशी ठरवलं, की आधी आपल्याला न रडता ऐकता आलं पाहिजे, मग त्याला ऐकवू. म्हणून ते वर्षातून एकदा दार लावून सराव करायचे. अहो, रडू न येण्याचा सराव! मी कितीतरी वेळा आतल्या आत ओरडलो, की रडा हवं तेवढं, पण पोराला बसवून ऐकवा. माझं कोण ऐकतो? मी फक्त लोकांचं ऐकवायचो.

एके सकाळी काकांच्या मेंदूत रक्त साकळलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुकान बंद झालं आणि ते चाकाच्या खुर्चीत बसले. कपाट आवरताना सुनेला मी सापडलो, आणि माझ्या पोटात ती कॅसेट. सून वाईट नव्हती. तिला वाटलं, बाबांना जरा बरं वाटेल. तिनं मला चालू केलं.

तिसऱ्या ओळीला काकांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तोंड वाकडं झालेलं, त्यातून लाळ, घशातून कसलासा आवाज. सून घाबरली आणि तिनं मला बंद केलं. काकांनी डावा हात उचलला आणि एक बोट हवेत गोल गोल फिरवलं, माझी चक्री फिरते तसं. चालू ठेव, पुढे जाऊ दे, असं ते सांगत होते. मला कळलं. घरात कोणालाच कळलं नाही.

"आजोबा ताल धरतायत," आठ वर्षांची नात म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याच वयाची होती ती, म्हणून हे तुम्हाला सांगतोय. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं धाकट्या भावाला विचारलं, "आजोबांना रडवून दाखवू?" आणि दाखवलं. मग तो खेळच झाला. आज कितव्या ओळीला रडणार यावर दोघं चॉकलेटची पैज लावायची. दुसऱ्या ओळीला रडले की नात जिंकायची, चौथीपर्यंत टिकले की धाकटा. कडवं संपायच्या आत पैजेचा निकाल लागायचा, मग मला चालू ठेवायचं कारण काय? खटकन बंद. काका बोट फिरवत राहायचे. धाकटा त्यांच्यासमोर उभा राहून तसंच बोट फिरवायचा.

बाप घरी आला तेव्हा पोरांनी त्यालाही करून दाखवलं. हो, बाप म्हणजे ढब्बूच. आता विमा कंपनीत मोठ्या पदावर होता. पहिल्यांदा तो म्हणाला, "असं करू नये रे." पण म्हणता म्हणता त्याला हसू आलं, आणि पोरांना तेवढं पुरलं. "आईचं गाणं आहे म्हणे," तो बायकोला म्हणाला. "मला तर काही आठवत नाही." हा काही त्याचा गुन्हा नाही. दीड वर्षाच्या पोराला काय आठवणार?

नंतर पाहुणे आले की फर्माईश व्हायची. "अहो, ते बाबांचं दाखवा ना यांना." सून आधी काकांच्या गळ्याला फडकं बांधायची. म्हणायची, "शर्ट ओला होतो, मग सारखा बदलायचा कोणी?" ऑफिसातले मित्र हातात चहाचे कप घेऊन गोल करून बसायचे आणि माझ्याकडे नाही, काकांच्या तोंडाकडे बघायचे. "बघा हं, आता बघा," नात सांगायची. आणि मी गायचो. ज्या पट्टीत सांगितलं त्या पट्टीत, निमूटपणे. कारखान्यातल्या बाईला रडवीन म्हणालो होतो ना? घ्या, रडवत होतो.

ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना हे सगळं कळलं होतं, पण त्यांना यायला जमत नव्हतं. तेव्हा ढब्बूनं ठरवलं, की रडणं टेप करून त्यांना ऐकवू. गाणं पहिल्या बाजूला होतं, दुसरी बाजू कोरी. काका रडायला लागले की गाणं थांबवायचं, कॅसेट उलटी करायची आणि कोऱ्या बाजूवर रडणं भरायचं, असा बेत होता. पण आवाज भरायचं लाल बटण दबेना. त्यानं कॅसेट काढून पाहिली. तुकडे तोडलेले दिसले. "बाबांनी हे का तोडलंय?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावली. उत्तर द्यायला ज्यांना वाचा नव्हती ते समोरच बसले होते आणि डावा हात जोरजोरात हलवत होते.

"आज आजोबा फार रंगात आहेत," नात म्हणाली.

गाणं सुरू झालं. कडव्याच्या शेवटी काकांना असा काही हुंदका आला की सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. त्या हसण्याच्या गडबडीत ढब्बूनं मला थांबवलं आणि लगेच दोन्ही बटणं दाबली. कॅसेट उलटी करायची राहून गेली.

तिचं दुसरं कडवं माझ्या डोक्याखालून सरकत होतं आणि मी ते पुसत होतो. ढब्बू सोड ते, पुसलं. बघू हात, पुसलं. नाही आले तर हे ऐक, तेही पुसलं. त्या जागी मी काकांचे हुंदके भरले, नातीचं "बघा बघा" भरलं आणि ढब्बूचं खदाखदा हसणं भरलं. मला थांबता येत नाही हो. मी यंत्र आहे, आणि त्या दिवशी मला माझी शिसारी आली.

रात्री काका झोपल्यावर टेप मागे घेऊन ऐकली, तेव्हा चूक त्याच्या लक्षात आली. "अरे, उलटी करायची राहिली," तो म्हणाला. "जाऊ दे, बरंच झालं. गाण्याला लागून रडणं एकसलग आलं."

पुढच्या रविवारी शेवटी साहेब स्वतःच घरी आले. काकांना फडकं बांधून मध्ये बसवलं आणि मला चालू केलं. पहिलं कडवं झालं. काका रडत होते, बोट फिरवत होते. पण या वेळी कोणीही मला बंद केलं नाही, कारण सगळ्यांना पुढची गंमत ऐकायची होती. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांचं रडणं थांबलं. त्यांनी ढब्बूकडे पाहिलं, तो माझ्याजवळ कान देऊन बसला होता. तीस वर्षं ज्यासाठी थांबले, ते आज होणार होतं. त्यांचं अर्धं तोंड हसलं. मी तो चेहरा पाहिला आणि मला गाता येईना, पण टेप फिरत होती.

खट्ट असा आवाज झाला आणि बायकोच्या आवाजाच्या जागी त्यांचं स्वतःचं रडणं सुरू झालं. मग हसणं. साहेब मांडीवर थाप मारून हसले. काकांचं बोट हवेत तसंच राहिलं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला.

त्यानंतर ते कधी रडले नाहीत. नातीनं दहा वेळा लावून पाहिलं, मग कंटाळून खेळ सोडला. "आजोबा आता बोअर झाले," ती म्हणाली. दीड महिन्यानं काका गेले.

काकांची बहीण, म्हणजे ढब्बूची आत्या, भेटायला आली. तिनंच त्याला वाढवलं होतं. फळीवर मला पाहून म्हणाली, "अरे, ती कॅसेट आहे ना? शेवटी ऐकवली का दादानं तुला?"

"ऐकली की. अंगाईगीत आहे."

"गाणं जाऊ दे रे. पुढे ती तुझ्याशी बोलली आहे ना, ते ऐकलंस का?"

ढब्बू तिच्याकडे वळला. "काय बोलली?"

"मला आता शब्द कुठले आठवायला? तुझे हात धरून काहीतरी सांगत होती. कॅसेटवर आहे, ऐक ना."

त्याच संध्याकाळी तो मला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. म्हणाला, "पुसलेलं परत येतं का? कितीही खर्च होऊ दे."

"नाही साहेब. वर नवं भरलं की खालचं गेलंच." दुरुस्तीवाल्यानं कॅसेट दिव्याखाली धरली. "पण ही पुसायला नको होती. मुद्दाम तुकडे तोडलेत हिचे. ही पट्टी कोणी लावली?"

"माहीत नाही," ढब्बू म्हणाला.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, फळीवर मांडू नका. माझी एवढीच विनवणी आहे, की कोणी गाणं ऐकून रडायला लागलं तर त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि गाणं संपेपर्यंत ऐका. ढब्बू आता रोज ऑफिसातून आला की दार लावतो आणि मला लावतो. पहिलं कडवं होतं, आणि मग मी त्याला त्याचंच हसणं ऐकवतो. तो मला बंद करत नाही. कॅसेट संपेपर्यंत तसाच बसून राहतो.