अन्सेल्मची बादली

नॉर्थ डकोटातल्या आमच्या तळावर एक रीत आहे. क्षेपणास्त्रांच्या भुयारातली शेवटची पाळी संपवून जो वर येतो, त्याला बाकीचे अधिकारी बादलीभर गार पाण्याने भिजवतात. कामावरून काढलेल्याच्या अंगावर मात्र कुणी थेंबही उडवत नाही. लेफ्टनंट अन्सेल्म माझा जोडीदार. लोकांना भिजवायला हा सगळ्यांत पुढे. "माझ्या वेळी बर्फ घाल हं, लॉर्ना," असं मला बजावून ठेवलेलं.

भुयारात दोघं लागतात. दोघांनी एकदमच किल्ल्या फिरवल्या, तरच अण्वस्त्र सुटतं. म्हणून पाळीवर निघण्याआधी कर्नल प्रूइट रोज विचारतात, "कर्तव्य करायला कुणाला अडचण?" सर्दीची, झोप आणणारी गोळी घेतलेला एखादा उभा राहतो, एरवी सगळे गप्प.

ईस्टरनंतरच्या सोमवारी अन्सेल्म उभा राहिला.

"कुठली गोळी घेतलीस रे?" कर्नलांनी मान वरही केली नाही.

"गोळी नाही, सर. हुकूम आला तरी मी किल्ली फिरवणार नाही. येशू नको म्हणतो."

"आणि हे त्याने तुला आज सांगितलं होय?"

"तो केव्हाचा सांगतोय, सर. मीच ऐकत नव्हतो."

कर्नलांनी तिथल्या तिथे त्याला कामावरून काढलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मीही चर्चला जाते, तरी हुकूम आला तर किल्ली फिरवीन, तशी शपथच घेतली आहे. याचा देव तेवढा हळवा, आणि माझा काय दगडाचा? मी त्याला बाहेर गाठलं.

"मला आधी सांगता येत नव्हतं?"

"तू समजावलं असतंस, आणि मी ऐकलं असतं."

"आणि खाली बसल्यावर हुकूम आला असता म्हणजे?"

"म्हणून तर वरच सांगितलं ना!" त्याचे डोळे भरून आले. "नोकरी जाऊ दे गं. पण माझी बादली गेली."

मी दुसऱ्या जोडीदाराला घेऊन खाली गेले. आधी खूप धुसफुसले. मग वाटलं, कर्नल रोज विचारतात ते कशासाठी? इतक्या वर्षांत खरं उत्तर देणारा हा एकटाच निघाला. माझं मत काही बदललं नाही, पण मला त्याचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर आले, तर अन्सेल्म सामानाचं खोकं घेऊन एकटाच गाडीकडे निघाला होता. बाकीचे दारात उभे राहून आपापले बूट न्याहाळत होते. मी सरळ भटारखान्यात गेले आणि बादली भरून आणली.

"कॅप्टन," कर्नल मला म्हणाले, "त्याची शेवटची पाळी झालेली नाही."

"झाली, सर. काल उभा राहिला, तीच."

कर्नलांनी अन्सेल्मकडे पाहिलं. मग आमच्यावर खेकसले, "मग बादली एकच कशी?"

सगळे भटारखान्याकडे पळत सुटले. मी माझी बादली अन्सेल्मच्या डोक्यावर उपडी केली. तो कुडकुडत, डोळे मिटून, हात पसरून हसत होता.

"बर्फ घातलास?"

"घातला रे बाबा!"

"मग आणखी ओता!"